मेंदीच्या कुंपणातल्या माश्या

पाचोळा आणि किस्से यांचं एक सारखंच असतं. सकाळी झाडून सगळं लख्ख करावं, तर संध्याकाळी पुन्हा ढीग तयार! मी चौदा-पंधरा वर्षं नगरपालिकेच्या बागेचा कारभार पाहिला, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा साठा झाला. पाचोळा तिथंच राहिला. किस्से मात्र माझ्याबरोबर पुण्याला, मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले.

इथं सोसायटीत बाग आहे. हिरवंगार लॉन, कातरलेली झुडपं, खाली पडलेलं एक पान दिसणार नाही. पण सकाळी बाकावर बसलो की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पहिले काही दिवस मला वाटलं, आपले कान गेले. मग लक्षात आलं, कान शाबूत आहेत, इथं गुणगुणच नाही. सूनबाई म्हणते, "बाबा, किती शांत आहे ना इथं?" मी हो म्हणतो आणि मला आमच्या त्या बागेची आठवण येते. फार येते, खोटं कशाला बोलू?

गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं पत्रं लिहिण्यात पटाईत आहेत.

*

मी मूळचा जन्म-मृत्यू नोंदणीतला कारकून. आमच्याकडे साहेबांची ज्याच्यावर खप्पामर्जी व्हायची त्याच्या गळ्यात बागेचा ॲडिशनल चार्ज पडायचा. माझ्याही पडला. पहिल्या दिवशी मस्टर घेऊन बागेत गेलो तर हेडमाळी गफूरचाचा फाटकात उभे. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, हातात कातर. त्यांचे वडील हैदराबादला कुठल्याशा नवाबाच्या बागेत कामाला होते, त्यामुळे आमच्या दोन एकरांतसुद्धा चाचा नवाबी चालीनंच चालायचे.

त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "बाबूजी, कान कैसे हैं आपके?"

मी म्हटलं, चांगले आहेत. मग त्यांनी मला मेंदीच्या कुंपणापाशी नेलं आणि वाकून कान लावायला सांगितलं. आत बारीक गुणगुण चालली होती. फांदीला तळहाताएवढं पोळं लटकलेलं, त्यावर इवल्याइवल्या फुलोरी माश्या. मी टुणकन मागे उडालो. चाचा म्हणाले की ह्या गरीब असतात, फक्त त्यांच्या घराला धक्का लावायचा नाही.

चाचांची एक पद्धत होती. सकाळी माळ्यांची हजेरी झाली की ते कुंपणाच्या कडेनं एक चक्कर मारायचे आणि जितकी पोळी नांदती दिसतील तितकी टिंबं मस्टरच्या समासात द्यायचे. कधी पाच, कधी सात. एकदा साहेबांनी तपासणीला मस्टर उघडलं आणि बोट ठेवलं, ही टिंबं कसली?

"साहेब, ये भी अपनेच लोग हैं. पगार घेत नाईत म्हणून नाव लिवलं न्हाई."

साहेबांनी हसू दाबलं. रविवारी काय करता, असं विचारलं.

"रविवारला भी येतात साहेब. म्हणून तर तुमच्या मस्टरात बसत न्हाईत."

*

पुढचे साहेब मोठ्या शहरातून बदलून आलेले. त्यांना लॉन पाहिजे होतं. बागेच्या मागच्या कोपऱ्यात एकदांडी, तरोटा, दुधाणी, रानतुळस असं काय काय माजलेलं असायचं. साहेबांनी ते बघून नाक मुरडलं आणि गवत कापायचं मशीन मागवलं.

चाचा माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, बाबूजी, बागेत गुलाब आहे, पण गुलाबात ह्यांचं पोट भरत नाही. एकदांडीत भरतं. तो कोपरा गेला तर ह्या खाणार काय?

मी म्हटलं, साहेबांचा हुकूम आहे, मी काय करू? चाचा उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्याला दोरी बांधलेली आणि दोरीला आमच्या बांधकाम विभागाची जुनी पाटी लटकवलेली, "काम चालू आहे".

साहेबांना वाटलं, बांधकामवाल्यांचं काहीतरी आहे. बांधकामवाल्यांना वाटलं, पाणीपुरवठ्याचं आहे. पाणीपुरवठ्यानं तर कधी कुणाला काही विचारलंच नाही. गावातल्या माणसांना नगरपालिकेचं काम चालू असणं म्हणजे काय ते माहीत होतं, त्यामुळे तेही फिरकले नाहीत. ती पाटी नऊ वर्षं होती. नऊ वर्षं एकदांडीची पिवळी-पांढरी फुलं उभ्या कोपऱ्यात डुलत राहिली आणि सरकारी कागदावर तिथं काम चालू राहिलं!

*

आमच्या बागेतली शेवंताबाई कशी आली ते सांगतो. हा किस्सा हसण्याचा नाही, पण तिच्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही.

विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली तेव्हा पूर्णेकडच्या एका खेड्यात बौद्धांची घरं जाळली, त्यात तिचं घर गेलं. ती लेकरं घेऊन आमच्या गावात आली आणि पुढं बागेत रोजंदारीवर लागली. चाचांनी तिच्या हातात झारी दिली आणि मागचा कोपरा तिच्याकडे सोपवला. एक दिवस तिनं पदराची गाठ सोडली. आत गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, बिया होत्या. घरातून निघताना हाताला तेवढंच लागलं होतं. कुंपणाच्या बाजूनं लावू का, असं तिनं चाचांना विचारलं. चाचांनी स्वतः आळं करून दिलं.

वेल असा फोफावला की विचारू नका. सकाळी पिवळीधमक फुलं उघडायची आणि प्रत्येक फुलात दोन-चार माश्या लोळत असायच्या. पहिलं गंगाफळ पाडलं, तेव्हा तिनं ते चिरून फोडी करून ऑफिसात आणल्या, सगळ्यांना एकेक. टेबलावर फोडी पडून राहिल्या. कुणी पुढं होईना. मी सेलूजवळच्या कुणबिकीच्या घरातला. गंगाफळ मला लहानपणापासून आवडतं, पण मीसुद्धा फाईल चाळत बसलो. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

चाचा आले. त्यांनी सगळीकडे एकदा बघितलं आणि सगळ्यात मोठी फोड उचलून माझ्या डब्यात टाकली. "बाबूजी, घर में पकाना. और कल बताना कैसी थी."

दुसऱ्या दिवशी मला सांगावं लागलं. चांगली होती. त्यानंतर दरवर्षी पहिल्या गंगाफळावरून ऑफिसात भांडणं लागायची.

*

मग मंत्री यायचे ठरले. बागेत कारंजं बसवलं होतं, त्याचं उद्घाटन. आठवडाभर आधी एक नगरसेवक पाहणीला आले आणि दात घासायला म्हणून त्यांनी नेमकी पोळं असलेली मेंदीची काडी मोडली. माशी चावली ती गालावर, फोटोत येणाऱ्या बाजूला!

साहेबांचा हुकूम निघाला. सगळ्या कुंपणावर बीएचसीची विषारी पावडर मारायची. हुकूम टाइप मीच केला. चाचा म्हणाले, "बाबूजी, साहबकू एक बार बोलके तो देखो." मी बोललो नाही. नोकरी करणारा माणूस मी, बोलायचं धाडस झालं नाही. चाचांनी तोंडाला फडकं बांधलं, पावडरची पुरचुंडी घेतली आणि आपल्या हातानं ती कुंपणावर धुरळली. दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही.

मंत्री आले, हार घातला, बटण दाबलं आणि लाइट गेली. कारंजं काही उडालं नाही. मंत्री दहा मिनिटांत परभणीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा कुंपणाखाली बसून केरसुणीनं माश्या गोळा करत होते. वर्तमानपत्रावर मूठ-मूठभर ढीग झाले होते. त्यांनी खड्डा करून त्या पुरल्या. मस्टरच्या समासात त्या दिवशी एकही टिंब नव्हतं, त्यानंतरच्या दिवशीही नाही.

चाचांना रिटायर व्हायला तेव्हा पाच वर्षं राहिली होती. ते म्हणाले, "बाबूजी, मैं जाने के पहले ये लोग वापस आना मंगता. न्हाई तर ये मेरे नाम पे रह जाता."

*

पुढच्या पावसाळ्यात गंगाफळाला फुलं आली आणि गळून गेली. फळ धरेचना. शेवंताबाईनं दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी पहाटे येऊन नर फुलं तोडायची आणि मादी फुलांत घासायची, असं काम तिनं सुरू केलं.

तोवर साहेब बदलले होते. नवे साहेब सकाळी फिरायला यायचे. त्यांनी बघितलं, बाई एक फूल दुसऱ्यात खुपसते आहे. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय?

"गंगाफळाचं लगीन लावायलेय, साहेब."

हे काम तर माश्यांचं ना, साहेब म्हणाले.

"हौ. त्या गेल्या. आता म्या करायलेय."

साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांना सगळं सांगितलं, हुकूम कुणी टाइप केला तेसुद्धा. माणूस भला होता. त्यांनी त्याच दिवशी बागेत आणि रस्त्याच्या झाडांवर पावडर मारायची बंद केली, लॉनची फाईल गुंडाळली आणि मला म्हणाले, "माश्या मागवा."

आता माश्या कुठून मागवायच्या? आम्हाला खडू, सतरंजी, फिनेल मागवायची सवय. मी नेहमीच्या नमुन्यात मागणीपत्र भरलं आणि वर पाठवून दिलं. सात-आठ महिन्यांनी वरून उत्तर आलं. मागणी केलेल्या मधमाश्या कोणत्या कामासाठी व किती काळासाठी हव्या आहेत आणि काम संपल्यावर त्या परत करणार काय, याचा खुलासा करावा!

मी ते चाचांना वाचून दाखवलं. चाचांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "लिखो बाबूजी. वापस नहीं करते."

*

पत्राच्या भरवशावर बसणारे चाचा नव्हेत. त्यांनी बागेचं रूपच पालटलं. गुलाबाच्या ओळींमध्ये करडई लावली, फाटकाशी सूर्यफूल, बाकांच्या मागे शेवगा. कोथिंबीर फुलावर येईपर्यंत ठेवली. मातीच्या परळात खडे टाकून पाणी ठेवलं, म्हणजे माशी बुडणार नाही. गावातून तक्रार आली की बागेतली कोथिंबीर जून झाली आहे, नगरपालिका झोपली आहे काय? साहेबांनी उत्तर दिलं, ती तुमच्यासाठी नाही.

एवढं करूनही एखाददुसरी माशी यायची, फुलावर टेकायची आणि निघून जायची. वस्तीला कुणी राहीना. शेवटी चाचांना कुणीतरी सांगितलं, गंगाखेडकडे उसाच्या बांधावर माश्या लय आहेत. त्यांनी रजा टाकली, मच्छरदाणीचा तुकडा आणि टोपली घेतली आणि गेले.

परत येताना टोपलीत फांदीसकट पोळं, वर फडकं बांधलेलं, टोपली मांडीवर, आणि चाचा एसटीत खिडकीशी. एका फाट्यावर गाडीनं धक्का घेतला आणि फडकं सुटलं. पुढच्या क्षणी अख्खी गाडी रस्त्यावर! ड्रायव्हर खाली, कंडक्टर खाली, एक नवरी होती तीसुद्धा खाली. आत एकटे चाचा. ड्रायव्हर लांबून ओरडला, म्हातारबा, उतरा की खाली.

चाचा म्हणाले, "मेरे पास टिकट है."

गाडी तासभर तिथंच उभी राहिली. माश्या पुन्हा पोळ्यावर बसल्या, चाचांनी फडकं बांधलं, मग बाकीचे चढले. चाचा बागेत आले तेव्हा त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि दुसरा हसत होता. फांदी मेंदीत अलगद बांधली. त्या माश्या तीन दिवस राहिल्या आणि चौथ्या दिवशी उडून गेल्या.

चाचा त्या रिकाम्या पोळ्यासमोर जमिनीवर बसले. मी बाजूला उभा होतो. चाचा पुटपुटत होते की माझ्याच हातानं झालं, त्या विसरत नाहीत.

शेवंताबाई झारी खाली ठेवून आली. ती म्हणाली, "चाचा, माझं घर जाळणाऱ्यातला एकबी मानूस कधी दारात येऊन चुकलं म्हनला न्हाई. तुमी रोज म्हनायलाव. येतील त्या. घर मोडल्यावर टाइम लागतंय."

चाचांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी तिथून निघून ऑफिसात आलो.

*

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या दिवशी शेवंताबाई पांढरी साडी नेसून कामावर आली. गावात बंदोबस्त होता, बाग बंद ठेवायचा हुकूम होता, आत आम्ही तिघंच. बागेतलं फूल तोडणाऱ्याच्या मागे चाचा कातर घेऊन धावायचे, मग तो नगराध्यक्षांचा नातू का असेना. त्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्यात मोठा गुलाब तोडला आणि तिच्या हातात दिला.

ती फुलाकडे बघत म्हणाली, "ह्या नावापायी घर गेलं होतं, चाचा." मग तिनं फूल अंबाड्यात खोवलं आणि पाणी घालायला गेली.

त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेला चाचा रिटायर झाले. समारंभ बागेतच ठेवला होता. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं. चाचांना बोला म्हटलं तर ते म्हणाले, जरा चक्कर मारून येतो. कुंपणाच्या कडेनं शेवटची चक्कर मारून आले. चेहऱ्यावरूनच कळलं. पाच वर्षं संपली होती.

सगळे पांगले. चाचा सायकल घ्यायला अवजारांच्या खोलीमागे गेले आणि परत येईनात. मी आणि शेवंताबाई बघायला गेलो. चाचा सायकलीपासून चार हातांवर उभे होते. हँडलला माश्यांचा झुबका लटकला होता, सोनेरी, हलणारा, घंटी पार झाकून गेलेली.

मी मूर्खासारखा म्हणालो, धूर करून हलवू या का? चाचांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"पैदल जाता मैं," ते म्हणाले.

घर स्टेशनच्या पलीकडे, चांगलं दीड कोस. अंगावर शाल, हातात नारळ, चाचा चालत गेले. शेवंताबाई फाटकात उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. माझेही पुसायला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी चाचा हजर. म्हणाले, सायकल घ्यायला आलो होतो. माश्या हँडलवरच होत्या, पोळं बांधायला लागल्या होत्या. आता आलोच आहे तर, असं म्हणून त्यांनी परळांत पाणी भरलं, करडईला पाणी दिलं आणि दुपारी चालत घरी गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकल घ्यायला आले. मग रोजच. रमजान आला, रोजे धरून आले. नव्या हेडमाळ्यानं मला विचारलं की हे रिटायर झाले ना? मी म्हटलं, हो, त्यांची सायकल राहिली आहे. नोकरीत मी शहाणपणाचं असं हे एकच उत्तर दिलं असेल.

मे महिन्यात ऊन तापलं तसं एका दुपारी पोळं सोडून माश्या उठल्या आणि मेंदीच्या दाट सावलीत जाऊन बसल्या. तिथंच त्यांनी नवं घर धरलं. शेवंताबाईनं हँडलवरचं मेण खरवडून काढलं, घंटी पदरानं पुसून लख्ख केली आणि सायकल भिंतीला लावून ठेवली. चार महिन्यांनी सायकल मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अवजारांच्या खोलीत होतो. खिडकीतून चाचा दिसले. आधी ते मेंदीपाशी गेले, बराच वेळ कान लावून वाकून उभे राहिले. मग सायकलीजवळ आले. घंटी वाजवून बघितली. इकडं तिकडं बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, खाली बसले, मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढला आणि टायर दोन्ही हातांनी दाबून दाबून सगळी हवा सोडून दिली.

मग कपडे झटकून माझ्याकडे आले आणि टोपी सारखी करत म्हणाले,

"बाबूजी, पिछला चाक पंक्चर है. कल आता, ले जाने कू."